फ्रेंच पेपर कशाला पोसायचा म्हणे!

आज इथल्या, म्हणजे कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "न्यू ब्रन्सविकमध्ये सगळ्यांना इंग्रजी येतं, मग हा फ्रेंच पेपर कशाला पोसायचा?" हा पेपर म्हणजे 'लाकादी नूव्हेल'. खाली अंगठ्यांची रांग. मराठी माणसांचे अंगठे! डोकं भणाणलं.

अरे, राहता त्या गावाची माहिती तरी घ्या. १७५५ पासून इंग्रजांनी या अकेडियन, म्हणजे इथल्या फ्रेंच भाषिक लोकांची घरं जाळली, त्यांना बोटींत कोंबून देशोधडीला लावलं. जे तगले, परतले, त्यांच्या वंशजांसाठी व्हालाँतँ लाँद्रींनी १८८७ मध्ये शेजारच्या नोव्हा स्कोशियातल्या डिग्बीत 'लेव्हान्जेलीन' हा फ्रेंच पेपर काढला. १९०५ मध्ये तो आपल्या मॉन्क्टनला आला, १९४९ मध्ये दैनिक झाला आणि सप्टेंबर १९८२ मध्ये बंद पडला.

माझी इथली पहिली घरमालकीण अकेडियन. ती सांगायची, पेपर गेला आणि माहेरच्या गावात कोण वारलं हेच कळेनासं झालं. तिची शाळेतली मैत्रीण गेली, हिला कळलं तेव्हा माती होऊन महिना उलटला होता. इंग्रजी पेपर त्या कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यांची दखल कशाला घेतील?

मग ६ जून १९८४ ला 'लाकादी नूव्हेल' निघाला. कुठून? काराकेहून! मासेमारीवर जगणारं चिमुकलं गाव ते. सुरुवातीला पेपर ईशान्येच्या पट्ट्यापुरताच होता. इथे मॉन्क्टनला १९८६ मध्ये 'ल माताँ' निघाला, तो १९८८ मध्येच बुडाला. काराकेवाले टिकले आणि १९८९ पासून प्रांतभर पोचले. सरकारी विश्वस्त निधीचा टेकू होता, मान्य. मग? रस्ते, शाळा काय वर्गणीतून चालतात?

घरमालकीणबाई सकाळी आधी निधनवार्ता वाचायच्या, मग बाकीचं. मला तेव्हा विचित्र वाटायचं. मैत्रिणीची गोष्ट ऐकल्यावर नाही वाटलं. आपणही सांगली-साताऱ्याच्या बातम्या फोनवर रोज शोधतोच ना?

त्या ग्रुपवर भांडायची इच्छा नाही, माणसं वाईट नाहीत. पण १९६८ मध्ये याच मॉन्क्टनच्या नगरपालिकेत फ्रेंचला जागा द्या म्हणून विद्यार्थ्यांना मोर्चा काढावा लागला होता. आज आपण पोरांना फ्रेंच इमर्शनला, म्हणजे फ्रेंचमधून शिकवणाऱ्या वर्गांना घालायला धडपडतो, पुढे सरकारी नोकरी मिळेल म्हणून. त्यांची भाषा आपल्या पोरांच्या पगारासाठी हवी आणि त्यांचा पेपर मात्र नको, हे मला पटत नाही. मी आजच वर्गणी भरली आहे. ज्यांना भरायची असेल त्यांनी मेसेज करा, फॉर्म फ्रेंचमध्ये आहे, मी मदत करते.