आपला मार्ग आपणच निवडावा (विचारून)

यशस्वी आणि समाधानी आयुष्य जगायचं तुम्ही ठरवलंय, ही आनंदाची गोष्ट आहे. ग्वाल्हेरात हा निर्णय साधारण दहावीच्या निकालाच्या संध्याकाळी होतो आणि तो होताना घरात तुम्ही सोडून सगळे हजर असतात. तुम्हाला पेढे आणायला बाड्यावर, म्हणजे बाजाराच्या चौकात, पिटाळलेलं असतं. वाईट वाटून घेऊ नका. प्रत्येकाने आपला मार्ग आपणच निवडावा असे हे दिवस आहेत आणि इथली आपली मराठी माणसंसुद्धा पूर्णपणे याच मताची आहेत. त्यांचं म्हणणं एवढंच, की निवडण्याआधी एकदा विचारावं.

सुरुवात व्याख्येपासून करू. लग्नाच्या पंगतीत, मठ्ठा वाढणारा पुढच्या पानावर सरकायच्या आत शेजारच्याला जे सांगून होतं, ते यश. ‘मुलगा पुण्याला, आयटीत, बाणेरला टू बीएचके.’ झालं. क्रियापदसुद्धा लागलं नाही. ‘मुलगी बंगलोरला, जावई पण तिथेच, आता जर्मनीचं चाललंय.’ उत्तम. तुम्हाला काय आवडतं, काय जमतं, कशात तासन्‌तास हरवून बसता, हे प्रश्न सावकाश, निवृत्तीनंतर बघता येतात. आधी वाक्य बनवून पाहा. बनत नसेल तर मार्ग सोडून द्या.

दौलतगंजाच्या बाजूला पेटी दुरुस्त करणारे एक काका बसतात. त्यांच्यापासून विशेष सांभाळून राहा, कारण त्यांचं आयुष्य एका वाक्यात येत नाही. ‘काय काका, काय चाललंय?’ असं सहज विचारलं तरी ते सांगू लागतात, की कोण्या बाईंच्या आजोबांची पेटी आली होती, पंचम पार उतरला होता, पत्तीचं टोक इतकं-इतकं घासून वर आणला, तर भाता फुसफुसायला लागला. चामडं बदललं, तर आवाजच बदलला, म्हणून जुनंच चामडं परत लावून दिलं. अर्धा तास गेला, तुमच्या हातातली बेडई गार झाली, आणि पगाराचा आकडा अजून आलेलाच नाही. पेटी बरी झाली की गिऱ्हाईक समोर उभं असताना हे स्वतःच ती वाजवत बसतात. माणूस खूश दिसतो, नाही म्हणणार नाही. पण सांगायचं काय? परवा एका मुंजीत आमच्या आत्यांनी त्यांची ओळख ‘स्वभावाने फार चांगले’ अशी करून दिली. आपल्याकडे ही ओळख कोणाची करून देतात, ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता विचारण्याची पद्धत. जयविलास महाल १८७४ मध्ये उभा राहिला. दरबार हॉलात प्रत्येकी साडेतीन टनांची दोन झुंबरं टांगायची होती. छत पेलेल की नाही ते बघायला म्हणे आधी हत्ती वर चढवले. खरं-खोटं तो बांधणारा मायकेल फिलोज जाणे, पण या गावात निर्णय कसे घ्यायचे, ते त्या दिवशी कायमचं ठरून गेलं. तेव्हा मनात एखादा मार्ग आला की लगेच झुंबर टांगायला धावू नका. आधी हत्ती चढवा. पहिला मान गोठीतल्या, म्हणजे जुन्या मराठी वस्तीतल्या, आत्यांचा; त्यांनी तीन पिढ्यांच्या आयुष्याचे निर्णय घेतले आहेत आणि त्यातला एकही स्वतःचा नाही, त्यामुळे अनुभव दांडगा. मग मामा. ते सरकारी खात्यातून निवृत्त झाल्यापासून सरकारी नोकरीची महती सांगतात. नोकरीत असताना काय सांगायचे, ते मामीला विचारा. तिसरे पत्रिका बघणारे गुरुजी, ज्यांच्या हिशेबाने तुमचा शनी अजून काही वर्षं कोणत्याच मार्गाला अनुकूल नाही. चौथा शेजारचा दादा. तो प्रत्येक स्पर्धा परीक्षेत थोडक्यात राहिला आणि म्हणूनच प्रत्येक परीक्षेचा जाणकार झाला.

एवढं होऊन छत टिकलं तरी हत्ती उतरतीलच, असं नाही. आमच्या पाहण्यातल्या कित्येक घरांत ते अजून वरच आहेत आणि झुंबर खाली सतरंजीत गुंडाळून ठेवलंय. विचारलं तर सांगतात, ‘एकदा सगळ्यांचं मत येऊ दे, मग बघू.’

हत्तींचं एकमत बहुतेक वेळा पुण्यावर होतं. यामागे इतिहास आहे. आपले पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर पुणे-साताऱ्याकडची घरं सोडून, नर्मदा ओलांडून इकडे आले. दौलतराव शिंद्यांनी १८१०च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली आणि त्या छावणीचंच पुढे लष्कर नावाचं शहर झालं. वाडे झाले, गोठी झाल्या, सरदारक्या झाल्या. म्हणजे घराण्याने यश मिळवायला जेवढं अंतर कापलं, तेवढंच उलट कापलं की आज तुम्ही यशस्वी. मधल्या दोनशे वर्षांत काय झालं, ते फारसं कोणी विचारत नाही. तिकडे गेलात की समाधानाची सोयही आपोआप होते. लष्करात असताना तिळाच्या गजककडे ढुंकूनही न बघणारा माणूस बाणेरात गेला की डिसेंबर लागताच येणाऱ्या-जाणाऱ्याला गळ घालून ती मागवतो, आणि सोसायटीच्या गणपतीत ‘आमच्या ग्वाल्हेरला’ असं म्हणून जे सुरू होतो, तो आरती लागली तरी थांबत नाही. समाधानाचं असंच आहे. ते हजारभर किलोमीटर लांबून जास्त चांगलं लागतं.

‘पण आम्हाला जगावेगळा मार्ग हवाय’ असं काही जण म्हणतील. त्यांची सोय याच गावात शतकानुशतकं आहे. हजिऱ्याला सूफी संत मुहम्मद घौसच्या मकबऱ्याशेजारी तानसेनची कबर आहे, तिच्याजवळ चिंच आहे. तिचा पाला चघळला की गळा गोड होतो, असं पिढ्यान्‌पिढ्या मानत आले. लोक पाला ओरबाडून नेत राहिले. जुनं झाड केव्हाच गेलं, मग नवं आलं, त्याचाही पाला लोकांनी सोडला नाही. गळे होते तसेच आहेत. तरीही पद्धत म्हणून ही पहिल्या दर्जाची आहे: मेहनत झाडाची, श्रेय तुमचं, आणि सूर लागला नाही तर पाला कोवळा नव्हता. हल्ली चिंच मोबाइलमध्येच मिळते. पहाटे पाचला उठा, गार पाण्याने आंघोळ करा, वहीत तीन गोष्टींचे आभार माना, भिंतीवर ध्येयांचा फलक लावा. जानेवारीत ग्वाल्हेरच्या धुक्यात पहाटे पाचला उठून गार पाणी अंगावर घेणाऱ्याला आभार मानायला दोन गोष्टी पुरतात: टॉवेल आणि श्वास. सल्ला देणारा माणूस बहुधा समुद्रकिनाऱ्याच्या गावचा असतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे धावत असताना भरदुपारी ‘आपल्या कम्फर्ट झोनमधून बाहेर पडा’ असं तो सांगतो, तेव्हा त्याचं विशेष मनावर घ्या आणि कूलरपुढे बसूनच विचार करा.

यशाचं रहस्य नावाची वस्तूही या गावाला नवीन नाही. जयाजीराव शिंद्यांनी किल्ल्यातल्या तळघरांत खजिना दडवला, त्याला गंगाजळी म्हणत. तिथे पोचायचं गुप्त बीजक फक्त त्यांना माहीत. १८८६ मध्ये ते गेले, तेव्हा वारस माधवराव दहा वर्षांचेही नव्हते. बीजक सांगायचं राहूनच गेलं. पुढे बऱ्याच खटपटीनंतर काही तळघरं सापडली, असं सांगतात. आताचे यशस्वी लोक मनाने मोठे आहेत. ते बीजक कुणापासून लपवत नाहीत, ९९ रुपयांत वेबिनारमध्ये सगळ्यांना वाटून टाकतात. त्या काळी तळघर भरलेलं होतं आणि वाट सापडत नव्हती. आता वाट तुमच्या ईमेलवर येते. तळघरात काय आहे, ते पाहायला पुढचा कोर्स घ्यावा लागतो, त्याची किंमत वेगळी.

आदर्श निवडताना मात्र घाई नको. गोरखीच्या शाळेत शिकलेल्या एका मास्तरांच्या मुलाचं उदाहरण घरोघरी देतात. अटलबिहारी वाजपेयींचं चरित्र मुलांपुढे ठेवण्याआधी पालकांनी एकवार नजरेखालून घालावं, अशी आमची नम्र सूचना आहे. कविता करायचे. कानपूरला वकिलीचा अभ्यास धरला, तोही सोडला. लग्न केलं नाही. पुढे साठीला टेकल्यावर, १९८४ मध्ये, आपल्याच ग्वाल्हेरातून लोकसभेला उभे राहिले आणि माधवराव शिंद्यांकडून (गंगाजळीच्या गोष्टीतल्या माधवरावांच्या नातवाकडून) मोठ्या फरकाने पडले. हा तपशील आज कोणत्याही मुलाने चहाच्या वेळी घरात स्वतःचा म्हणून वाचून दाखवावा आणि काय होतं ते बघावं. १९९६ नंतर गोष्ट वेगळी झाली. तेव्हापासून लष्करात असं घर उरलं नाही, जिथले आजोबा त्यांच्या वर्गात नव्हते. गोरखीच्या त्या एका वर्गात तेव्हा नक्की किती मुलं बसत, हा संशोधनाचा विषय आहे.

त्याहून धोक्याचा आदर्श कृष्णराव शंकर पंडितांचा. जन्म १८९३चा, शेवट १९८९चा. मधला सगळा काळ ग्वाल्हेर गायकी. वडील शंकर पंडितांकडून गाणं मिळालं, विशीत १९१४ मध्ये गाण्याची शाळा काढली, १९७३ मध्ये पद्मभूषण मिळालं, आणि तरी गाणं संपलंय असं त्यांना वाटलं नाही; नव्वदीपर्यंत गातच होते. यात निवड कुठे आहे, तुम्हीच सांगा. चार पर्याय समोर मांडले, गुण-दोषांचे दोन रकाने केले, मग एकाला टिक केलं, असं काहीच नाही. घरात गाणं होतं, ते धरलं आणि सोडलं नाही. असं आयुष्य मार्गदर्शनाच्या कामाला येत नाही. मार्गदर्शक व्हायला आधी दोन-चार मार्ग सोडावे लागतात, म्हणजे ‘मी सुद्धा तुमच्यासारखाच भरकटलो होतो’ या वाक्याने सुरुवात करता येते.

ध्येय स्पष्ट ठेवा, असं सगळेच सांगतात, आम्हीही सांगतो. मात्र त्यासाठी किल्ल्यावर जाऊ नका. चढणीवर एकाच दगडात कोरलेलं चतुर्भुज मंदिर लागतं. तिथला इ. स. ८७६चा लेख फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीचा हिशेब सांगतो: लांबी २७० हात, रुंदी १८७ हात, आणि देवाला रोज ५० हार. ज्याने दान दिलं, त्याचं ध्येय याहून स्पष्ट असूच शकत नाही. आज बाग नाही, हार नाहीत. पण त्या २७० आणि ५० मध्ये जे वाटोळं शून्य कोरलंय, ते बघायला जगभरातले गणिताचे लोक तिथवर चढून येतात, कारण इतकं जुनं आणि पक्क्या तारखेचं शून्य भारतात क्वचितच कुठे सापडतं. बिचाऱ्याने नाव करायला बाग दिली आणि नाव झालं कोरक्याच्या छिन्नीचं, तेही त्या बागेच्या मापातल्या रिकाम्या जागेमुळे. करिअर कौन्सेलिंगमध्ये ही गोष्ट आली तर पैसे परत मागा.

राहता राहिलं समाधान. त्याला वेगळा वेळ काढायची गरज नाही, मेळ्यात उरकून घेता येतं. थोरल्या माधवराव शिंद्यांनी १९०५ मध्ये गुरांचा मेळा म्हणून सुरू केलेला ग्वाल्हेर मेळा आता मोटारींसाठी ओळखला जातो. ज्या वर्षी सरकार रोड टॅक्समध्ये निम्मी सूट देतं, त्या वर्षी तर जिल्ह्याबाहेरचे लोकही समाधानी व्हायला इथेच येतात. गाडी आपल्याला परवडते तिच्या एक पायरी वरची घ्यावी. पायरीचे हप्ते होतात. बुकिंगला एकटे जाऊ नका, हत्ती बरोबर न्या. रंग आत्या सांगतील, मायलेज मामा. शोरूमवाला मोठ्या कागदी किल्लीबरोबर फोटो काढतो, तेव्हा चेहरा सैल सोडावा, दात थोडे दिसू द्यावेत, आणि फोटोखाली काय लिहायचं ते आधीच ठरवून ठेवावं. ‘स्वप्नपूर्ती. आई-बाबांच्या आशीर्वादाने’ चालतं. ते बहुतेकांनी वापरलंय, त्यामुळे कुणी हरकत घेत नाही. खाली अभिनंदनं येऊ लागली की एकेकाला हात जोडलेलं चित्र पाठवायचं. रात्री अकरापर्यंत हे काम पुरतं. मग झोप येत नसेल तर हप्त्याचं कोष्टक मोबाइलवर उघडावं.

नारळ आणि झेंडूचा हार मात्र दालबाजारातून आधीच घेऊन जा. मेळ्यात दुप्पट भाव लावतात, आणि नारळ कधीकधी कुजकाही निघतो.