कसबा फिरला, की घरी बसला?

परवा संध्याकाळी पुण्यात नारायण पेठेतल्या आमच्या कट्ट्यावर चहा यायच्या आतच नानांनी विषय काढला. "कसबा मतदारसंघ बदलला, कसबा बदलला म्हणतात. काही बदललेला नाही. पेठा होत्या तशाच आहेत."

रिक्षावाले भाऊ लगेच उसळले. "मग २०२३ च्या पोटनिवडणुकीत काय झालं? १९९५ पासूनचा भाजपच्या बापटांचा गड. काँग्रेसच्या धंगेकरांनी ११ हजारांच्या आसपास मतांनी घेतला. उगाच?"

"आमदार मुक्ताताई टिळक वारल्या आणि भाजपनं टिळकांच्या घरात तिकीट दिलं नाही. लोकांना ते लागलं," नाना म्हणाले. "पंजाला मत द्यायला हात धजेना आणि कमळाला द्यायचं मन होईना. मग बसले घरात. आमच्या आळीत मी डोळ्यांनी पाहिलंय."

नाना आकडे न पाहता बोलतात, पण या वेळी आकडे त्यांच्या बाजूचे निघाले. वकिलांनी मोबाइलवर काढून वाचूनच दाखवले. पोटनिवडणुकीत मतदान जेमतेम निम्मं. धंगेकरांना ७३ हजारांवर मतं, भाजपचे रासने ६२ हजारांवर. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेला तेच दोघं समोरासमोर. धंगेकर ७० हजारांवर, म्हणजे दोन-तीन हजारच कमी. रासने मात्र थेट ९० हजारांवर! निकाल जवळपास साडेएकोणीस हजारांनी उलटा. एकाची मतं जवळपास जागच्या जागी, दुसऱ्याच्या मतांत जवळपास २८ हजारांची भर. ही माणसं पोटनिवडणुकीच्या दिवशी होती कुठे?

"पण ७० हजार म्हणजे तेच ७० हजार कशावरून?" वकिलांनीच शंका काढली. "काही इकडचे तिकडे गेले असतील, तिकडचे इकडे आले असतील. मत गुप्त असतं." शंका रास्त आहे. तरीही माझं मत नानांकडेच झुकतं. पेठांमध्ये माणूस पक्ष सहजासहजी सोडत नाही. रागावला की चप्पल पायात घालत नाही, एवढंच.

भाऊंना हे पटेना. "राग तुमचाच असतो का? आमच्याकडे महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि पुढचं मतदान जानेवारी २०२६ मध्ये. पावणेचार वर्षं नगरसेवकच नाही. ड्रेनेज तुंबलं तर सांगायचं कुणाला? बापटसाहेब मार्च २०२३ मध्ये गेले, खासदाराची जागा लोकसभेपर्यंत रिकामी. मुंबई उच्च न्यायालयानं पोटनिवडणूक घ्या म्हटलं, सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली. एवढा काळ आमच्या मताशिवाय चाललं ना सगळं? मग पोरं विचारतात, कशाला जायचं?"

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. मला तर भाऊंचा राग नानांच्या रागापेक्षा जास्त काळजीचा वाटतो. तिकिटावरून रुसलेला मतदार पुढच्या वेळी परत येतो, हे कसब्यात दिसलं. आपल्या मतावाचून काही अडत नाही असं ज्याला वाटलं, तो कधी परत येणार?

शाळेतल्या ताई इतका वेळ गप्प होत्या. बीएलओ, म्हणजे घरोघर जाऊन मतदारयादी तपासणारी कर्मचारी, म्हणून त्यांनी पेठांमधले जिने चढलेत. "तुम्ही निम्मं मतदान, निम्मं मतदान म्हणता," त्या म्हणाल्या, "पण यादी बघितलीय का? वाडा पाडून इमारत होते. भाडेकरू कुणी सिंहगड रोडला जातो, कुणी धायरीला. नाव मात्र वाड्याच्या पत्त्यावरच. मी यादी घेऊन जाते तर तिथं पत्रे ठोकलेले. वारलेल्या माणसाचं नाव काढायला सात नंबरचा फॉर्म घरच्यांनी भरायचा, तो कुणी भरत नाही. पत्ता बदलला तर आठ नंबरचा, तोही नाही. मग ही सगळी माणसं 'मतदान न करणारी' म्हणून मोजली जातात."

म्हणजे पेठा दिसतात तेवढ्या आळशी नाहीत. हे ऐकून मला खरंच बरं वाटलं. पण ताईंनी लगेच नानांकडे वळून विचारलं, "तुमच्या मुलाचं नाव कुठं आहे?"

"इथंच. बाणेरला जाऊन नऊ वर्षं झाली, पण मत इथलंच."

"२०२३ ला आला होता?"

नानांनी कप खाली ठेवला. "नाही. रविवार होता, तरी नाही आला."

"मग आठ नंबरचा भरू या का? मोबाइलवर होतो, आत्ता बसल्या बसल्या."

नाना बराच वेळ रस्त्याकडे बघत होते. "वाडा गेला," ते म्हणाले, "आता त्याचं या पेठेत नावच तेवढं उरलंय. राहू दे की."

ताईंनी मोबाइल पर्समध्ये ठेवला. भाऊंनी चहाचे पैसे दिले.