कोल्हापूरचा संघ कोल्हापुरात खेळू दे

आमच्या शाळेच्या ग्रुपवर महिनाभर एकच वाद पेटलाय. विषय कोल्हापूरच्या फुटबॉलचा. एकाचं म्हणणं, पेठांतल्या तालमींनी उभ्या केलेल्या संघांचे दिवस संपले. गॅलरीतली हुल्लड आणि पेठापेठांतली खुन्नस थांबवायची तर फ्रँचाइझी आणा, खेळाडूंचा लिलाव करा, सामने टीव्हीवर दाखवा. दुसरा नेमका उलट टोकाला. पैसा शिरला की खेळ बाटला, म्हणतो. आहे ते आहे तसंच राहू दे, भावा, कुणी हात लावू नका. दोघंही पोटतिडकीनं बोलतात आणि दोघांचंही मला पटत नाही. का पटत नाही ते दोन ओळींत सांगता येईना, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मी नऊ वर्षं फिनलंडमधल्या कुओपिओत राहतो. तळ्यांच्या मधोमध वसलेलं सव्वा लाख वस्तीचं गाव. इथला खेळ म्हणजे आइस हॉकी आणि इथला संघ म्हणजे काल्पा. २०२५ च्या वसंतात काल्पानं फिनलंडची सर्वोच्च लीग जिंकली. इतिहासात पहिल्यांदा. अंतिम फेरीत समोर होता लापेनरांता गावचा साइपा, त्यालाही तोवर एकदाही विजेतेपद मिळालं नव्हतं. हेलसिंकी नाही, तांपेरे नाही, तुर्कू नाही. पूर्वेकडची दोन लहान गावं शेवटपर्यंत टिकली. आपल्याकडे मुंबई-पुण्याला बाजूला सारून कऱ्हाड आणि बार्शीची गाठ पडावी, तसं झालं.

या लीगला नुसतं 'लीगा' म्हणतात. १९७५ मध्ये ती सुरू झाली. काल्पा जिंकला त्या मोसमात सोळा संघ होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला साठ सामने. सप्टेंबरात सुरू होतं ते मार्चपर्यंत चालतं, मग बाद फेऱ्या. गुणतक्त्यात मधल्या जागांवर राहिलेल्यांना जी पहिली छोटी फेरी खेळावी लागते, तिला इथले लोक 'दयेची फेरी' म्हणतात. पुढच्या मालिकांत चार सामने जिंकेल तो पुढे. साठांतले तीस सामने घरच्या मैदानावर होतात, आणि माझ्या लेखी या सगळ्या कारभारातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. मंगळवारी संध्याकाळी कामावरून यायचं, पोरीला जेवू घालायचं आणि चालत सामन्याला जायचं. वीस मिनिटांचे तीन डाव, मध्ये दोन विश्रांत्या, त्यात कॉफी आणि भाजलेला सॉसेज. बाहेर उणे वीस असलं तरी लोक येतात. काल्पाच्या बर्फाच्या मैदानाला इथे सगळे 'मोन्तू' म्हणतात, म्हणजे खड्डा. पाटीवर नाव बिअरच्या कंपनीचं आहे, तोंडात मात्र खड्डाच.

आता पैशाचं बोलू. पैशाला विटाळ मानणाऱ्या माझ्या मित्रानं इथल्या खेळाडूचा गणवेश एकदा बघावा. छातीवर, पाठीवर, बाह्यांवर, मांड्यांवर, हेल्मेटवर जाहिराती. बर्फाच्या आतसुद्धा रंगवलेल्या जाहिराती. प्रत्येक संघात ज्याचे गुण सर्वाधिक, तो सोनेरी हेल्मेट घालून उतरतो. तेही प्रायोजकाचंच. पण माझी आठ वर्षांची पोरगी काचेला नाक लावून त्या सोनेरी डोक्याकडे बघत असते, तो वळला की तीही वळते, तेव्हा हेल्मेटवर कुणाचं नाव आहे हे तिला दिसतही नाही. क्लब ही इथे रीतसर कंपनी आहे, खेळाडूंना पगार आहेत, करार आहेत, भाडोत्री परदेशी खेळाडूही आहेत. पैशानं इथला खेळ बाटलेला नाही. कारण पैसा गावात येतो; पैशामागे संघ गाव सोडून जात नाही.

आणि इथे मला लिलाववाल्या मित्राला थांबवावंसं वाटतं. २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग आली. कोल्हापूरच्या नावाचा संघ, रत्नागिरीच्या नावाचा, सोलापूरच्या नावाचा. क्रिकेट चांगलं झालं, गावाकडच्या पोरांना संधी मिळाली, हे मी मनापासून मान्य करतो. पण त्या पहिल्या मोसमात सगळे सामने झाले पुण्याजवळच्या गहुंज्याच्या मैदानावर. कोल्हापूरच्या पोरानं 'आपला' संघ बघायचा तो फोनवर. गावाचं नाव छातीवर आणि गाव दोनशेहून जास्त किलोमीटर लांब. सोय म्हणून आयोजकांनी तसं केलं असेल, पण अशानं संघ गावाचा होत नाही. फुटबॉलचंही असंच करायचं असेल तर माझा त्याला ठाम विरोध आहे. अख्ख्या महाराष्ट्रात गावाचा म्हणावा असा खेळ कुठे उरला असेल तर तो कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये. पीटीएम म्हणजे पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल. तालमीत कुस्ती होती, त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले. शाहू स्टेडियमच्या दगडी पायऱ्यांवर बसून, उन्हात डोकं भाजून घेत मी जे सामने पाहिले, तसं आपलेपण मला पुन्हा मिळालं ते थेट कुओपिओच्या खड्ड्यात. मधल्या काळात मोठमोठ्या स्टेडियमांत जाऊन आलो. तिथे मी प्रेक्षक होतो, एवढंच.

काल्पाची एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यामुळे मी या क्लबशी बांधला गेलो. हा क्लब मुळात कुओपिओचा नाहीच. १९२९ मध्ये तो सोर्तावाला नावाच्या गावी स्थापन झाला. युद्धानंतर तो सगळा कारेलियाचा मुलूख सोव्हिएत संघाकडे गेला. चार लाखांहून अधिक माणसं घरदार सोडून पश्चिमेला आली, आणि त्यांच्यासोबत हा क्लबही आला. तो कुओपिओत रुजला. १९९९ मध्ये वरच्या लीगमधून घसरला, २००५ मध्ये परत आला. सामी कापानेन या गावात घडला, अमेरिका-कॅनडातल्या एनएचएल या सगळ्यात मोठ्या हॉकी लीगमध्ये बारा मोसम खेळला आणि २००८ मध्ये परत येऊन याच क्लबचा गणवेश त्यानं चढवला. क्लबच्या मालकीतही त्याचा वाटा होता. पुढे तो आणि त्याचा मुलगा कास्पेरी, बापलेक एकाच संघातून खेळले. मग मुलगाही एनएचएलला गेला. परदेशी गेलेल्या खेळाडूवर इथे कुणी गद्दारीचा शिक्का मारत नाही. जा, मोठा हो, आणि जमलं तर परत ये, एवढंच.

विजेत्याला जो चषक मिळतो त्याचं नावही मला फार जवळचं वाटतं. कॅनडा चषक. कॅनडात स्थायिक झालेल्या फिनिश लोकांनी तो १९५१ मध्ये मायदेशी पाठवला. लांब गेलेल्या माणसांनी गावच्या खेळासाठी काही करायचं ठरवलं तर काय होऊ शकतं, याचं हे चांदीचं उदाहरण. आमच्या ग्रुपवर निम्मे जण दुबईत, पुण्यात, अमेरिकेत आहेत. वाद घालायला सगळे हजर असतात.

विजेतेपद ठरलं ती रात्र मी शेजारच्या आजोबांकडे होतो. त्यांचे वडील सोर्तावालाकडचे. संघ घसरला होता त्या वर्षांतही आजोबांनी सामना चुकवला नाही. शेवटची शिट्टी झाली तेव्हा ते ओरडले नाहीत. उठले, स्वयंपाकघरात गेले आणि रात्रीच्या त्या वेळी कॉफीचं भांडं चढवलं. चमच्यानं कॉफी मोजताना हात थरथरत होता, थोडी ओट्यावर सांडली. त्यांनी ती पुसली नाही. आम्ही उभ्यानंच कॉफी प्यायलो. खाली रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न सुरू झाले होते, आणि या गावात हॉर्न मी नऊ वर्षांत क्वचितच ऐकलाय.

इथे सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. हॉकी महाग झालीय. बर्फाच्या तासांचं भाडं, स्केट्स, पॅड, दर वर्षी वाढणाऱ्या पोरांना दर वर्षी नवं सामान. ज्यांना झेपत नाही त्यांची पोरं बाजूला पडतात, आणि यावर इथेही सतत चर्चा चालते. वरच्या लीगचं दार खालच्या संघांसाठी अनेक वर्षं बंद होतं, त्यावर तर कडाक्याचं भांडण झालं. पण खर्चावरचा इथला एक तोडगा आपल्या मातीतलाच वाटतो. त्याला 'ताल्कोत' म्हणतात, मिळून केलेलं बिनपैशाचं काम. पोरांच्या संघासाठी आईबाप दारोदार टॉयलेट पेपरचे गठ्ठे आणि बिस्किटांचे डबे विकतात. मीही विकलेत. स्पर्धेच्या दिवशी कुणी कॉफीच्या टेबलावर, कुणी घड्याळावर, कुणी गाड्या लावून द्यायला. हिवाळ्यात शाळेच्या पटांगणावर पालिकेचा माणूस अंधारात पाइप घेऊन पाणी मारत असतो. थरावर थर. त्या बर्फावर कुणीही खेळावं, फुकट. आपली तालीम गणपतीला वर्गणी गोळा करते, मांडव घालते, रात्रभर जागते. हेच हात खेळाकडे वळवायला फ्रँचाइझी कशाला लागते?

हुल्लडीचं म्हणाल तर ती मला मान्यच नाही. माझ्या लहानपणी एका सामन्यात दगड आला आणि काकांच्या कपाळाला चार टाके पडले. काका पुन्हा स्टेडियमवर आले नाहीत. पण तालमी मोडून ते थांबणार नाही. प्रत्येक तालमीला आठ, दहा, बारा वर्षांच्या पोरांचे संघ सक्तीचे करा, पोरींचेही. मोठ्यांच्या सामन्याआधी त्याच मैदानावर त्यांचे सामने लावा. आपली पोरगी आत खेळत असताना आणि शेजारी समोरच्या संघातल्या पोराची आई बसलेली असताना माणूस दगड उचलायला कचरतो. इथे मी हे दर शनिवारी बघतो. प्रायोजक आणा, तिकिटं नीट छापा, खेळाडूंशी करार करा, वेळापत्रक सहा महिने आधी लावा, पायऱ्यांवर सावली करा. फक्त नाव तालमीचं आणि सामना कोल्हापुरात, या दोन गोष्टींना हात लावू नका.

जानेवारीत तीन आठवडे येतोय. तेव्हा हंगाम भरात असतो. पोरीनं आताच सांगून ठेवलंय, स्टेडियमवर काल्पाची टोपी घालणार. मी काकांनाही फोन केला. एकदा चला म्हणालो, पोरगी पहिल्यांदा बघणार आहे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, सामना कुणाचा आहे?