कॉमा की सेडिला: रोमानियन इन्स्टॉलरवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत त्याबद्दल आभार. उत्तरही लांबणार आहे, कारण तुमचे मुद्दे हवेतले नाहीयेत. बाकी वाचकांसाठी थोडक्यात: मागच्या लेखात मी म्हटलं होतं की लिनक्सच्या टेक्स्ट मोड इन्स्टॉलरमध्ये (नुसत्या अक्षरांच्या काळ्या स्क्रीनवर चालून मशीनवर लिनक्स बसवणारा प्रोग्राम) रोमानियन भाषांतर खाली सुटा कॉमा असलेल्या एस आणि टी नेच लिहावं, खाली चिकटलेली शेपटी म्हणजे सेडिला असलेल्या एस-टी ने नाही. त्यावर तुमचं म्हणणं असं की सेडिलावाली अक्षरं जुन्या फाँटमध्ये सर्रास मिळतात आणि कॉमावाली मिळत नाहीत, त्यामुळे माझं ऐकलं तर स्क्रीनवर अक्षराच्या जागी चौकोन येणार. शिवाय रोमानियन लोक स्वतःच चॅटवर सगळी चिन्हं गाळून लिहितात, इन्स्टॉलर मशीनवर एकदा चालतो आणि संपतो, आणि मराठी माणसाला यात एवढं काय पडलंय.

चौकोनाचा मुद्दा आधी घेतो, कारण तो खरा आहे. डिस्क पुसायची का असं विचारणाऱ्या वाक्यात मधेच चौकोन दिसला तर माणूस बिचकतो, आणि चौकोनापेक्षा सेडिला परवडला हे मलाही मान्य. पण म्हणून मजकूर बदलायचा? गडबड फाँटमध्ये आहे तर दुरुस्ती पण फाँटमध्येच व्हायला हवी ना.

कन्सोलच्या, म्हणजे त्या अक्षरी स्क्रीनच्या, पीएसएफ नावाच्या फाँट फाइलमध्ये दोन गोष्टी असतात, एक म्हणजे अक्षरांची चित्रं आणि दुसरं म्हणजे कुठल्या युनिकोड क्रमांकाला (प्रत्येक अक्षराचा ठरलेला नंबर) कुठलं चित्र दाखवायचं त्याचं टेबल. एकाच चित्रापुढे कितीही क्रमांक लिहिता येतात. म्हणजे छोट्या एसच्या चित्रापुढे यू+०१५एफ हा सेडिलावाला क्रमांक आधीच असेल तर त्याच्याच शेजारी यू+०२१९ हा कॉमावाला लिहायचा, झालं, चौकोन गेला. एका क्रमांकाला टेबलात दोन बाइट लागतात. लहान-मोठा एस आणि लहान-मोठा टी अशी चार अक्षरं, म्हणजे एकूण आठ बाइट. नवीन चित्र एकही नाही, फाँटमधली जागाही अडत नाही. या आठ बाइटांसाठी अख्खं भाषांतर चुकीच्या क्रमांकात लिहून ठेवायचं हे मला पटत नाही.

आता तुम्ही म्हणाल की मग चित्र कुठलं काढायचं, कॉमाचं की सेडिलाचं? कॉमाचंच. सेडिलावाला एस तुर्कीला लागतो, पण डेबियन या लिनक्सच्या कन्सोल-सेटअपमध्ये, म्हणजे कन्सोलचे फाँट लावणाऱ्या पॅकेजमध्ये, तुर्की पश्चिम युरोपच्या भाषांबरोबर वेगळ्या गटात आहे आणि रोमानियन मध्य युरोपच्या गटात, लॅटिन-२ मध्ये. त्या गटातल्या पोलिश, चेक, हंगेरियन वगैरेंना सेडिलावाला एस लागतच नाही. त्यामुळे तिथे कॉमा काढला तर कुणाचंच काही बिघडत नाही. आठ बाय सोळाच्या चौकटीत अक्षराच्या पायाखाली साधारण चार ओळी उरतात, त्यातली एक मोकळी सोडून खाली दोन-तीन ठिपक्यांचा कॉमा काढला की तो सुटा आणि स्वच्छ वाचता येतो. ती मोकळी ओळ फार महत्त्वाची, ती बुजली की परत सेडिलाच दिसायला लागतो.

तुमचा पुढचा आक्षेप रंगांचा होता, की जास्त अक्षरं हवीत तर ५१२ चित्रांचा फाँट घ्यावा लागतो आणि मग टेक्स्ट मोडमधले अक्षरांचे १६ रंग आठवर येतात. ते बरोबरच आहे, कारण व्हीजीएमध्ये, म्हणजे पीसीच्या जुन्या डिस्प्ले पद्धतीत, उजळपणाचा बिट दुसऱ्या २५६ चित्रांसाठी वापरला जातो. पण एकट्या रोमानियनला ५१२ लागतातच कुठे? साध्या इंग्रजीची छापता येणारी ९५ अक्षरं, रोमानियनची पाच खास अक्षरं लहान-मोठी धरून दहा, आणि त्यांची अवतरणचिन्हं, ज्यातलं उघडणारं चिन्ह खाली ओळीवर बसतं आणि ते फाँट करणारे हमखास विसरतात. २५६ मध्ये हे सगळं बसून डायलॉगच्या चौकटीच्या रेषांना भरपूर जागा उरते. फक्त रेषांची चित्रं व्हीजीएच्या ठरलेल्या पट्ट्यातून, १९२ ते २२३ मधून, हलवू नयेत, कारण नऊ ठिपके रुंद अक्षरांच्या मोडमध्ये शेवटचा उभा स्तंभ फक्त त्याच पट्ट्यात पुढे ओढला जातो. रेषा हलवल्या तर चौकटी तुटक दिसतात, आणि त्या जागी अक्षरं बसवली तर त्यांचा उजवा काठ फुगतो.

आणि काहीच फाँट लोड केला नाही तर काय दिसतं तेही बघा. पीसीचा मूळचा ४३७ नंबरचा अक्षरसंच घेतला तर त्यात रोमानियनच्या पाचांपैकी टोपीवाले ए आणि आय तेवढे आहेत, ते पण लहानच, मोठे नाहीत. वाटीवाला ए नाही, एस नाही, टी नाही. म्हणजे भाषेचं स्वतःचं नाव सुद्धा यादीत नीट उमटत नाही.

जिथे इन्स्टॉलर फ्रेमबफरवर, म्हणजे ठिपक्या-ठिपक्याने चित्र काढणाऱ्या स्क्रीनवर, चालतो तिथे तर तुमचा उपाय उलटाच पडू शकतो. डेबियनमध्ये बीटर्म या तिथल्या टर्मिनलसाठी युनिफाँट हा मोठा फाँट कापून छोटा करतात, आणि भाषांतरांत जी अक्षरं येतात तीच त्यात ठेवतात. अशा वेळी मजकुरात सगळीकडे सेडिला असेल तर कॉमाची चित्रं फाँटमध्ये जाणार कशी? फाँटमध्ये नाही म्हणून मजकुरात नाही आणि मजकुरात नाही म्हणून फाँटमध्ये नाही, हे असंच चालू राहणार.

हा घोळ मुळात रोमानियन लोकांनी केलेला नाही. १९८७ च्या आयएसओ ८८५९-२ या अक्षरसंचाच्या मानकात (हेच लॅटिन-२) त्यांच्या अक्षरांना सेडिला लावला गेला, युनिकोडने पण सुरुवातीला तुर्की आणि रोमानियन एस एकाच क्रमांकावर बसवला. कॉमावाली अक्षरं वेगळी मिळाली ती १९९९ मध्ये युनिकोड ३.० ला, मग २००१ मध्ये आयएसओ ८८५९-१६ आलं ज्यात कॉमाच आहे. २००७ मध्ये रोमानिया युरोपियन युनियनमध्ये गेला त्या सुमारास मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठी सुद्धा फाँटचा वेगळा अपडेट दिला. मधल्या काळात तर अजून वाईट प्रकार होता, बऱ्याच फाँटमध्ये टीच्या सेडिलावाल्या क्रमांकावर चित्र कॉमाचं आणि एसच्या क्रमांकावर खरा सेडिला, म्हणजे ज्या शब्दात दोन्ही आहेत त्यात एकाच ओळीत दोन वेगवेगळ्या शेपट्या. म्हणूनच ‘लोक स्वतःच चिन्हं गाळतात’ हे तुमचं निरीक्षण बरोबर असलं तरी त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. इतकी वर्षं मशीनने अक्षरं नीट दाखवली नाहीत, पाठवलेला मजकूर समोरच्याकडे चौकोन होऊन पोचला, त्यातून सवय लागली. त्या सवयीकडे बोट दाखवून आता मशीनला सूट द्यायची? रोमानियातल्या बुकुरेश्त किंवा याशमधला माणूस मित्राला घाईत कसंही लिहील, ती त्याची मर्जी. इन्स्टॉलरने त्याच्या वतीने ते ठरवू नये.

‘एकदाच चालतो’ याबद्दल तर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. तो एकदाच चालतो खरा, पण त्यात भरलेलं मशीन असेपर्यंत राहतं. कीबोर्डचा लेआउट तिथे ठरतो, लोकॅल (भाषा आणि देशाची सेटिंग) तिथे ठरतो, वापरणाऱ्याचं पूर्ण नाव तिथे लिहिलं जातं. आणि डिस्क एन्क्रिप्ट करत असाल तर तिचा पासफ्रेज, म्हणजे लांब पासवर्ड. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत कॉमावाला छोटा एस म्हणजे सी८ ९९ हे दोन बाइट आणि सेडिलावाला म्हणजे सी५ ९एफ. डिस्क एन्क्रिप्ट करणाऱ्या एलयूकेएसला तुमच्या डोळ्यांना काय दिसतं याच्याशी देणंघेणं नाही, त्याला फक्त बाइट कळतात. इन्स्टॉलरच्या लेआउटने एक अक्षर दिलं आणि नंतर बूट होताना दुसऱ्या लेआउटने दुसरं दिलं, तर तीच बटणं तशीच दाबून डिस्क उघडणार नाही, आणि स्क्रीनवर तर नुसते तारे.

इथे कुणी माझ्याच उपायावर बोट ठेवू शकतो, की दोन क्रमांकांना एकच चित्र दिलं तर फरक डोळ्याआड होतो आणि हा धोका वाढतो. बरोबर आहे. म्हणून फाँटने दोन्ही दाखवावीत पण कीबोर्डने एकच द्यावं. एसआर १३३९२:२००४ हे त्यांचं कीबोर्डचं मानक कॉमावाली अक्षरंच देतं, साध्या क्वर्टीवर उजवा ऑल्ट आणि एस दाबला की कॉमावाला एस. जुना मजकूर वाचताना मोकळा हात, नवीन लिहिताना काटेकोर, एवढंच माझं म्हणणं आहे.

राहिला मराठी माणसाचा प्रश्न. आपला ल आणि श हिंदीपेक्षा वेगळा काढतात पण क्रमांक एकच, त्यामुळे ‘हा मजकूर मराठी आहे’ असं फाँटला कळलं तरच आपलं वळण दिसतं. आधुनिक फाँटमध्ये ही सोय मराठीसाठी आहे तशी रोमानियनसाठीही आहे. टेक्स्ट कन्सोलमध्ये ती नाही. तिथे तर जोडाक्षरंच जुळत नाहीत, त्यामुळे डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत हवा तर ग्राफिकलच घ्यावा लागतो. आपल्याला जे त्या काळ्या स्क्रीनवर मिळू शकत नाही ते रोमानियनला आठ बाइटांत मिळतंय, मग ते मिळावं यासाठी मी भांडणारच.

तुम्ही म्हणता तसे चौकोन ज्या फाँटवर दिसले ती फाइल तुमच्याकडे असेल तर एवढं करून बघा: पीएसएफगेटटेबल या कमांडने टेबल बाहेर काढा, सेडिलाच्या चार ओळींत कॉमाचे क्रमांक जोडा, पीएसएफस्ट्रिपटेबलने जुनं टेबल काढून पीएसएफअॅडटेबलने नवीन परत घाला आणि सेटफाँटने लोड करा. नंतरही चौकोन राहिले तर टेबल इथेच पेस्ट करा, मी बघतो.