‘वेगळं राज्य म्हणजे फेडरल कोर्ट’ हे पाठ करून बारच्या परीक्षेला बसू नका

"मावशी, एवढं पाठ केलं की डायव्हर्सिटी ज्युरिस्डिक्शन संपलं ना?" असं विचारत भाचीने काल एक फॉरवर्ड पाठवला. डायव्हर्सिटी ज्युरिस्डिक्शन म्हणजे दोन्ही बाजू वेगवेगळ्या राज्यांच्या (किंवा एक बाजू परदेशी) असल्या म्हणून केस अमेरिकेच्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात चालवायचा अधिकार. पुण्यातून लॉ करून ती न्यूयॉर्कला एलएलएमला गेलीय, जुलैत बार, म्हणजे वकिलीच्या परवान्याची परीक्षा, आहे, आणि स्टडी ग्रुपमधल्या सगळ्यांनी म्हणे हा मेसेज सेव्ह करून ठेवलाय. पाच ओळी आणि पाचही ओळींत घोळ! मीही हीच परीक्षा दिलीय, त्यामुळे गप्प बसवेना.

पहिली ओळच सगळ्यात घातक: "वादी-प्रतिवादी वेगळ्या राज्यात राहत असले की डायव्हर्सिटी आहे." अरे, राहण्याचा काय संबंध? बघायचं असतं डोमिसाइल, म्हणजे तुम्ही तिथे आहात आणि तिथेच राहायचा इरादा आहे का. नवं डोमिसाइल होईपर्यंत जुनं सुटत नाही. ‘मास विरुद्ध पेरी’ हा खटला वाचा, फिफ्थ सर्किट (फेडरल अपील कोर्ट), 1974. बायको मिसिसिपीची, नवरा फ्रेंच, दोघं शिकायला लुइझियानात भाड्याने राहत होते, आणि घरमालकाने बेडरूममध्ये आणि बाथरूममध्ये एका बाजूने आरपार दिसणारे आरसे बसवले होते, त्यातून तो या नवीन लग्न झालेल्या जोडप्याला बघत होता. घरमालक लुइझियानाचा. त्याचं म्हणणं, तीही इथेच राहते मग डायव्हर्सिटी कुठली? कोर्टाने सांगितलं, ती शिकायला आलीय, इथेच राहायचा तिचा इरादा नाही, म्हणून ती मिसिसिपीचीच, आणि परदेशी माणसाशी लग्न केलं म्हणून तिचं डोमिसाइल बदलत नाही. फॉरवर्डच्या हिशोबाने तिला फेडरल कोर्टाचं दारच बंद झालं असतं.

दुसरी ओळ, "75,000 डॉलर झाले की पुरे, पण ज्युरीने कमी दिले तर केस उडते." दोन्ही चूक. दाव्याची रक्कम बरोब्बर 75,000 चालत नाही, त्याच्या वर पाहिजे, तेही व्याज आणि खर्च सोडून. आणि ज्युरीचं म्हणाल तर याच केसमध्ये नवऱ्याला मिळाले 5,000, तेव्हाची मर्यादा होती 10,000, तरी केस टिकली, कारण बघतात ते चांगल्या हेतूने मागितलेली रक्कम.

तिसरी: "एक वादी जरी वेगळ्या राज्याचा असला तरी चालतं." 1806 च्या ‘स्ट्रॉब्रिज’ खटल्यापासून नियम असा की एकही वादी एकाही प्रतिवादीच्या राज्याचा नको. हां, 50 लाख डॉलरच्या वरच्या क्लास अ‍ॅक्शनला (अनेकांच्या वतीने लावलेल्या एकत्र दाव्याला) 2005 च्या कायद्याने एवढं पुरतं, तेवढं मान्य. पण मेसेजमध्ये क्लास अ‍ॅक्शनचं नावसुद्धा नाही.

ग्रीन कार्डची ओळ आपल्या मुलांना नडेल. "ग्रीन कार्डवाला राज्याचा नागरिक धरतात" हा 1988 चा नियम, 2011 मध्ये बदललाय. आता तो परदेशीच. फक्त समोरचा अमेरिकन त्याच राज्यात डोमिसाइल असेल तर फेडरल कोर्टात जाता येत नाही. म्हणजे स्टुडंट व्हिसावरच्या भारतीयाने ग्रीन कार्डवाल्या भारतीयावर दावा लावला तर दोघंही परदेशी, डायव्हर्सिटी नाही.

शेवटची, "एलएलसी म्हणजे कॉर्पोरेशनच." नाही! एलएलसी (लिमिटेड लायबिलिटी कंपनी) तिच्या प्रत्येक मेंबरच्या राज्याची असते. नोंदणी डेलावेअरची, पण एक मेंबर न्यू जर्सीचा आणि वादीही न्यू जर्सीचा, तर केस तिथेच अडते. भाचीने तो मेसेज डिलीट केलाय, ग्रुपमधल्या बाकीच्यांनीही करा.