तक्रारदाराचे समाधान झाले आहे

परवा रात्री पावणेदोनला मी एका कागदावर सही केली. कागदावर लिहिलं होतं, 'तक्रारदाराचे समाधान झाले आहे.' तक्रारदार मी. समाधान नेमकं कुठल्या क्षणी झालं, ते मला अजून आठवत नाही. पण खाली सही माझीच आहे, चांगली वळणदार, चेकवर करतो तशी.

समोरच्या इमारतीच्या गच्चीवर पब आहे. गल्लीचं नाव सांगत नाही, फ्लॅटचे भाव पडतील अशी तंबी सेक्रेटरींनी दिली आहे. पुण्याच्या पश्चिमेला, एवढं पुरे. पुण्यात पबला रात्री दीडपर्यंत मुभा आहे आणि ही मंडळी वेळेची इतकी पक्की की दीडच्या आधी एक मिनिट बंद करत नाहीत. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम म्हणतात, रात्री १० ते सकाळी ६ निवासी भागात ४५ डेसिबलच्या वर आवाज नको. लाउडस्पीकर बंदिस्त जागेत लावला तर चालेल, उघड्यावर नाही. म्हणून त्यांनी गच्चीला चारी बाजूंनी पारदर्शक प्लास्टिकचे पडदे सोडले. झाली जागा बंदिस्त! आवाजातला चिरका भाग कदाचित त्या पडद्याला आपटून परत जात असेल. धडधड मात्र सरळ आमच्या स्वयंपाकघरात येते आणि मांडणीवरच्या वाट्या एकमेकींशी कुजबुजायला लागतात.

आधी रीतसर फिरून झालं. परवाना राज्य उत्पादन शुल्काचा, गच्चीवरची शेड महापालिकेची, आवाज पोलिसांचा. झोप तेवढी आमची. एका खिडकीवर कळलं, "आम्ही फक्त दारू बघतो." दारू बिचारी शांतच असते. महाराष्ट्रात दारू प्यायलासुद्धा कायद्याने परवाना लागतो, एका दिवसाचा ५ रुपयांना मिळतो. दुसऱ्याच्या दारूपायी रात्रभर जागायला मात्र काहीच लागत नाही. तेवढी एक सेवा सरकारने मोफत ठेवली आहे.

पबच्या मॅनेजरलाही भेटलो. पोरगा नम्र. म्हणाला, "सर, तुमच्या सोसायटीच्या गणपतीत आम्ही कधी काही बोललो का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्सवासाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते, ती आम्हीही घेतो, आणि विसर्जनाला आमचे सेक्रेटरी स्पीकरला कान लावून नाचतात. तरी १५ कुठे आणि ३६५ कुठे, हे मला जिना उतरून खाली आल्यावर सुचलं. मला सगळं जिना उतरल्यावरच सुचतं.

तर परवा साडेबाराला ११२ लावला. वीस मिनिटांत बेल वाजली. दारात एक हवालदार, पन्नाशीचे, डोळे लाल. सकाळपासून कुठल्याशा बंदोबस्ताला होते.

"कुठाय आवाज?"

मला वाटलं, ते विनोद करताहेत. वाट्या कुजबुजत होत्या, खिडकीची काच थरथरत होती. मी म्हटलं, "हा काय!"

"हा व्हय," ते म्हणाले, आणि कान देऊन ऐकू लागले. "हे गाणं आमच्या मेव्हण्याच्या हळदीत वाजलं होतं. डीजेवाल्यानं पैसे बुडवले." मग मेव्हण्याच्या हळदीत पाचेक मिनिटं गेली. मी मोबाईलवरचं ॲप पुढे केलं. खिडकीत ६१ डेसिबल. मर्यादा ४५. "सोळानंच तर जास्त आहे," ते म्हणाले. माझ्यातला निवृत्त गणित शिक्षक जागा झाला. म्हटलं, हवालदारसाहेब, हे भाजीचे भाव नाहीत. डेसिबलचं मोजमाप लॉगॅरिदमचं असतं. दहाने वाढला की ध्वनीची ऊर्जा दहापट. सोळाने वाढला म्हणजे जवळजवळ चाळीसपट!

त्यांनी वही उघडली. "चाळीसपट लिहू?"

"लिहा."

"पण मोबाईलचं मोजमाप चालत नाही. मीटर पाहिजे. मीटर साहेबांच्या गाडीत."

"आणि गाडी?"

"बंदोबस्ताला."

हिने चहा आणला. चहा झाल्यावर ते म्हणाले, तक्रारीचं स्वरूप नीट लिहायचं तर जरा वेळ बसून आवाज ऐकावा लागेल. मला फार बरं वाटलं. इतक्या दिवसांत माझ्या घरी बसून तो आवाज ऐकायला तयार झालेला हा पहिला सरकारी माणूस. ते दिवाणावर टेकले. पंखा पाचवर केला. समोर दीडशे माणसं एका सुरात ओरडली, आणि हवालदार घोरायला लागले.

साधंसुधं घोरणं नव्हे. पबच्या ठेक्यात, समेवर बरोबर येणारं. मी ॲप त्यांच्या नाकापुढे धरलं. ६८. म्हणजे माझ्या घरातला सगळ्यात मोठा आवाज आता कायद्याच्या रक्षकाचा होता आणि त्याची तक्रार करायला ११२ लावला असता तर बहुधा हेच आले असते. हिने त्यांच्या अंगावर चादर घातली. "दमलेत हो," म्हणाली. मी तीन महिने झोपलेलो नाही, माझ्यावर कुणी चादर घातलेली मला तरी दिसली नाही.

उठवावं कसं? मी खाकरलो, खुर्ची सरकवली. पण चाळीसपट ऊर्जेत ज्याला झोप लागते, त्याला माझं खाकरणं काय करणार? मी समोर बसून राहिलो. मनात आलं, पुरावा म्हणून हा माणूस माझ्याविरुद्धच वापरतील. आवाज असता तर झोप लागली असती का?

बरोबर दीडला पब बंद झाला. एकदम शांतता. आणि त्या शांततेने हवालदार दचकून उठले. "काय झालं? काय झालं?"

"आवाज बंद झाला."

त्यांनी कान दिला. खिडकीपाशी गेले, बाहेर डोकावले. खाली गाड्या काढताना कुणीतरी कुणालातरी 'भावा' म्हणत होतं, तेवढंच. परत येऊन त्यांनी वही घेतली आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'प्रत्यक्ष भेट देऊन पाहणी केली असता आवाज आढळून आला नाही. तक्रारदाराचे समाधान झाले आहे.'

"अहो, पण..." मी म्हणालो.

"आत्ता आहे का आवाज?"

नव्हता. मी आयुष्यभर मुलांना सांगितलं, विचारलंय तेवढ्याचंच उत्तर लिहा. मी सही केली.

जाताना जिन्यातून त्यांनी वर बघून सांगितलं, "शनिवारी परत माझीच नाईट आहे साहेब. त्रास झाला की बिनधास्त फोन करायचा."

हिने चादर धुवून, घडी घालून दिवाणावर ठेवली आहे. कपाटात ठेव म्हटलं, तर म्हणाली, राहू दे, शनिवार परवाच तर आहे.