मृत्यूचा टक्का विचारा म्हणे!

परवा थोरल्या भाऊजींनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. तोच त्याआधी कॉलनीच्या ग्रुपवर आणि आमच्या जुन्या बॅचच्या सिस्टरांच्या ग्रुपवरही येऊन गेला होता. मजकूर थोडक्यात असा : ‘सांगली-मिरजेत पेशंट आयसीयूत ठेवण्याआधी तिथला सेप्सिसचा मृत्यूचा टक्का विचारा. टक्का कमी तो दवाखाना चांगला. पहिल्या तासात अँटिबायोटिक दिलं नाही तर निष्काळजीपणा समजा. ब्लड कल्चर म्हणजे बिल वाढवायचा धंदा. मशीन कुठल्या आहेत ते बघून घ्या.’ खाली जोडलेले तीन हात आणि ‘जनहितार्थ’.

मी मिरजेत 19 वर्षं आयसीयूत ड्युटी केली, आता तिथलंच क्वालिटीचं रजिस्टर सांभाळते. दवाखान्याला प्रश्न विचारावेत, इथपर्यंत मी भाऊजींच्या बाजूची. घोळ आहे तो काय विचारायचं यात.

आधी टक्का. वानलेस डॉक्टरांनी 1894 साली इथं रुग्णालय उभं केलं तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव. जत, आटपाडी, पलीकडून अथणी, सगळीकडचे पेशंट इकडेच येतात. आणि बरेचसे थेट येत नाहीत. गावात दोन दिवस सलाइन, मग तालुक्याला एक दिवस, लघवी बंद झाली की मिरज. जिवाणू अंगात शिरले एवढ्यानं सेप्सिस होत नाही. त्यांच्याशी झुंजताना शरीर स्वतःच्याच किडनी-फुप्फुसांची नासधूस करू लागतं तेव्हा सेप्सिस. ती तीन दिवस चालून गेल्यावर जो आयसीयू पेशंट घेतो त्याचा टक्का वर जाणार. ‘बेड नाही’ म्हणून दारातून परत पाठवतो त्याचा खाली.

दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही. रात्री अडीचला मुलगा येऊन सांगतो, ‘सिस्टर, आता पुरे. जीव घरी जाऊ दे.’ पैसे संपलेले असतात, आशाही. अ‍ॅम्बुलन्समध्ये एकजण अम्बू बॅग, म्हणजे हातानं श्वास द्यायची पिशवी, दाबत बसतो आणि पेशंट घरच्या उंबरठ्याच्या आत जातो. केसपेपरवर शिक्का पडतो ‘डामा’, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेलं. आमच्या मृत्यूच्या रकान्यात काहीच भरलं जात नाही. एका महिन्यात असे पाच गेले, टक्का उतरला आणि मीटिंगमध्ये आमचं कौतुक झालं. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. आता डामाचा रकाना वेगळा ठेवते आणि दोन्ही आकडे शेजारी-शेजारी मांडते. कौतुक थांबलं आहे.

समजा दोन आयसीयू, दोन्हीकडे सेप्सिसचे शंभर-शंभर पेशंट. पहिल्यात 22 दगावले, दुसऱ्यात 36. मेसेजप्रमाणे पहिला चांगला. आता पहिल्या 24 तासांतलं बीपी, श्वास, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), शुद्धीची पातळी, शिवाय वय आणि जुने आजार धरून अपाचे-2 स्कोअर, म्हणजे पेशंट किती गंभीर आहे याचा आकडा, काढा. त्यावरून पहिल्याकडे 20 जातील असा अंदाज निघाला, दुसऱ्याकडे 45. म्हणजे पहिल्यात अंदाजापेक्षा दोन जास्त गेले, दुसऱ्यात नऊ कमी. हा स्कोअरही काही सोवळा नाही. 1985 सालचा, अमेरिकेतल्या 13 रुग्णालयांच्या पेशंटांवर बेतलेला. आपल्या लेप्टोच्या (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाच्या) पेशंटला तंतोतंत बसेलच असं नाही. तरी नुसत्या टक्क्यापेक्षा बरा.

आता पहिला तास. याचं मूळ खरं आहे. 2006 सालच्या एका अभ्यासात सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे सेप्सिसनं बीपी धोक्याइतकं खाली गेलेल्या पेशंटांत, बीपी पडल्यानंतरच्या पहिल्या सहा तासांत योग्य अँटिबायोटिकला दर तासाचा उशीर जगण्याची शक्यता सरासरी 7.6 टक्क्यांनी घटवताना दिसला. पण ते पेशंट शॉकमधले होते. 2021 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात : शॉक असेल किंवा सेप्सिस जवळपास नक्की असेल तर तासाच्या आत. शॉक नाही, नुसता संशय आहे, तर झटपट तपासण्या करा आणि शंका उरलीच तर तीन तासांच्या आत द्या. पावसाळ्यानंतर तापानं आलेला प्रत्येकजण सेप्सिसचा नसतो, डेंग्यूही असतो. स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यानं होणारा ताप) असेल तर महागडं मेरोपेनेम घड्याळ लावून दिलं तरी उपयोग शून्य, तिथं डॉक्सीसायक्लिन लागतं. फक्त ‘तासात दिलं का’ एवढंच मोजलं, तर सगळ्यांना सरसकट टोचून रजिस्टर चकचकीत करता येतं.

आणि तो तास सुरू कधी झाला? कॅज्युअल्टीचं भिंतीवरचं घड्याळ पुढे, मॉनिटरचं मागे, आरएमओचा, म्हणजे ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरचा, मोबाइल तिसरंच सांगतो. एका केसपेपरवर तर पेशंट दारात यायच्या चार मिनिटं आधीच अँटिबायोटिक दिलेलं निघालं! 10:00, 10:30, 11:00 अशा गोल वेळा दिसल्या की मी समजते, हे पाळी बदलताना हँडओव्हरच्या वेळी बसून लिहिलंय. खरी वेळ 10:37 अशी असते.

अशाच एका रात्रीच्या वेळा मी मिनिटामिनिटानं जुळवल्या. ऑर्डर 10:10. नातेवाईक चिठ्ठी घेऊन खाली मेडिकलला 10:20. तिथं रांग, पैसे कमी पडले, भावाला फोन. औषध वर आलं 11:05, इंजेक्शन 11:12. डॉक्टर तत्पर, सिस्टर तत्पर, आणि तास जिन्यात गेला. त्यानंतर आम्ही पहिल्या डोसची चार औषधं आयसीयूच्या कपाटातच ठेवायला लावली. आधी टोचायचं, चिठ्ठी मागाहून. क्वालिटी मोजायची ती याच्यासाठी.

न्यूयॉर्कमध्ये 2012 साली रोरी स्टाँटन हा 12 वर्षांचा मुलगा व्यायामशाळेत कोपर खरचटण्याचं निमित्त होऊन सेप्सिसनं गेला. पुढच्याच वर्षी त्या राज्यानं रुग्णालयांना सेप्सिसचे नियम आणि नोंदी सक्तीच्या केल्या. त्या नोंदींतल्या 49,331 पेशंटांचा अभ्यास 2017 साली आला. अँटिबायोटिकला उशीर झाला तसा मृत्यूचा धोका वाढलेला दिसला, सलाइनची पहिली मोठी मात्रा कधी पुरी झाली याच्याशी मात्र तसा संबंध दिसला नाही. म्हणजे मोजायच्या यादीतलंही सगळं सारख्या तोलाचं नसतं.

कल्चरवाला आरोप मात्र मला झोंबला. अँटिबायोटिकच्या आधी कल्चरला रक्त घेतलं तर दोन-तीन दिवसांत जंतूचं नाव कळतं आणि भारी औषध उतरवून साधं, स्वस्त देता येतं. बिल कमी होण्याचा रस्ता तिथून जातो. अर्थात काढलेल्या कल्चरचा रिपोर्ट कुणी उघडून पाहिलाच नाही, तर भाऊजी म्हणतात तो धंदाच. म्हणून मी बघते : बाटलीत आठ-दहा मिलि रक्त गेलं की तीनच, आणि रिपोर्टनंतर औषध बदललं का.

मशीनबद्दल फार लिहीत नाही. लॅक्टेटचं, म्हणजे अवयवांना रक्त कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक मोजायचं, यंत्र जवळ असलेलं चांगलंच. पण 2019 साली दक्षिण अमेरिकेतल्या पाच देशांत, बोटाचं टोक दाबून रंग किती सेकंदांत परत येतो हे पाहत उपचार केलेला गट लॅक्टेटवाल्या गटाच्या मागे पडला नाही. बोट दाबायला रात्री तीनला जागी सिस्टर लागते. व्हेंटिलेटर मोजण्यापेक्षा एका सिस्टरकडे किती बेड आहेत ते विचारा.

हे सगळं लिहिल्यावर भाऊजींचा फोन आला, ‘वहिनी, एवढं कोण लक्षात ठेवणार? आम्ही करायचं काय ते सांगा.’ म्हटलं, कल्चर गेलं का आणि किती वाजता, एवढं विचारा. पेशंट असंबद्ध बडबडायला कधी लागला, शेवटची लघवी कधी झाली, ते घड्याळ बघून कागदावर लिहून आणा. आणि गावातल्या डॉक्टरांनी टोचलेल्या इंजेक्शनची रिकामी बाटली फेकू नका, खिशात टाकून घेऊन या.